गणवेशाचा खर्च: महाराष्ट्रातल्या पालकांनो, तुमच्याकडे काय परिस्थिती आहे?

दोन_पोरांची_आई

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळंच दुखणं घेऊन आले आहे.

आम्ही नाशिकला राहतो. मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत, दोघं एकाच खासगी शाळेत. निकालाबरोबर हातात चिठ्ठी पडली: जूनपासून गणवेश बदलतोय, जुना चालणार नाही, नवा अमुक दुकानातूनच घ्यावा. कपाटात मागच्या वर्षीचे चार जोड आहेत. मुलीचा एक तर दिवाळीनंतर घेतलेला, त्याची कॉलरसुद्धा मळलेली नाही.

काल दुकानात जाऊन आले. रांग जिन्यापर्यंत. पैसे अजून भरले नाहीत, नुसता हिशेब लिहून आणलाय. मुलीचे ४,५२०, मुलाचे ३,७२०, म्हणजे ८,२४०. बूट वेगळे. त्यात रोजचे दोन-दोन जोड, शनिवारचा पांढरा, हाऊसचा टी-शर्ट, ट्रॅकपँट आणि मोजे. म्हटलं निदान मोजे तरी बाहेरून घेऊ. तर मोज्यांच्या वरच्या काठाला मरून-पिवळी-मरून अशा तीन पट्ट्या! तसे मोजे गावात दुसरीकडे कुठेच नाहीत. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, "ताई, डिझाइन शाळेचं आहे, आम्ही काय करणार?"

घरात महिन्याला २८ हजार येतात. फी, बस, पुस्तकं यांचे पैसे आम्ही वर्षभर बाजूला टाकत असतो. हा खर्च कुठल्याच डब्यात बसत नाही. शनिवारी पालकसभा आहे. शाळा अशी सक्ती करू शकते का? आणि तुम्ही लोक हे कसं निभावता?

टवाळ_टोणगा

मोज्यांवर पट्ट्या? पुढच्या वर्षी बनियनवर बोधवाक्य येणार, लिहून ठेवा. (हलके घ्या.)

निवृत्त_नाना

आमच्या वेळी सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात पांढरा सदरा आणि खाकी चड्डी, संपला गणवेश. कापड बाजारातून आणायचं आणि गावातल्या शिंप्याकडे टाकायचं. माप नेहमी दोन वर्षं पुढचं. त्यामुळे पहिल्या वर्षी चड्डी गुडघ्याखाली, दुसऱ्या वर्षी बरोबर, आणि तिसऱ्या वर्षी ती धाकट्याची. आम्ही चौघे भाऊ. शेवटच्याला नवीन कापडाचा वास कसा असतो ते मुंजीत कळलं.

मागच्या बाजूला दोन गोल थिगळं असायची, त्याला आम्ही 'चष्मा' म्हणायचो. वर्गात निम्म्या पोरांना चष्मा. इस्त्री म्हणजे तांब्यात निखारे, नाहीतर रात्री घडी घालून उशीखाली. कुणाला लाज वाटल्याचं आठवत नाही.

कडीपत्ता

नाना, छान लिहिलंत, पण 'लाज वाटल्याचं आठवत नाही' हे जरा तपासून बघा. माझे वडील तुमच्याच वयाचे. चौथीत फळ्यापाशी बोलावलं की ते पाठ भिंतीकडे ठेवून सरकत सरकत जायचे. चष्मा दिसू नये म्हणून. हे त्यांनी आम्हाला सांगितलं ते साठी उलटल्यावर.

निवृत्त_नाना

कडीपत्ता, निरुत्तर केलंस. आता आठवतंय, माझा धाकटा भाऊ नेहमी शेवटच्या रांगेत बसायचा. मला वाटायचं अभ्यास नको म्हणून.

हिशेबनीस

मूळ प्रश्नाकडे येतो. 'ठरावीक दुकानातूनच घ्या' अशी सक्ती शाळांनी करू नये, अशी परिपत्रकं आपल्या शिक्षण विभागाने वेळोवेळी काढली आहेत. तुमची शाळा सीबीएसईची असेल तर त्या मंडळानेही एप्रिल २०१७ मध्ये सगळ्या संलग्न शाळांना बजावलं होतं की पुस्तकं, वह्या, गणवेश विकण्याचा धंदा शाळेने करू नये. तेव्हा 'करू शकते का' याचं उत्तर 'नाही'. करतात का? तर तुमच्यासमोरच आहे.

पळवाट फार साधी आहे. चिठ्ठीत 'सक्ती' हा शब्द कधीच नसतो. 'एकसारखेपणा राहावा म्हणून' किंवा 'पालकांच्या सोयीसाठी' असतं. आणि कापडाच्या चौकड्यांची नक्षी अशी निवडतात की ती एकाच माणसाकडे मिळते. तुमच्या मोज्यांचं तेच.

उत्तर प्रदेशाच्या २०१८ च्या शुल्क नियमन कायद्यात सलग पाच शैक्षणिक वर्षांच्या आत गणवेश बदलता येणार नाही असं कलमच आहे. आपल्याकडे २०११ चा शुल्क नियमन कायदा आहे, त्यात पालक-शिक्षक संघ आणि कार्यकारी समिती आहे. त्या समितीवर कोण कोण पालक आहेत ते आधी शोधा. बऱ्याच ठिकाणी समितीवरच्या पालकांनाच आपण समितीवर आहोत हे माहीत नसतं.

टवाळ_टोणगा

हिशेबनीस, शेवटच्या वाक्याला १०० गुण. मी तीन वर्षं समितीवर होतो. कळलं कधी, तर आभारप्रदर्शनात नाव घेतलं तेव्हा.

शिलाईमशीन

मी टेलरिंग करते, उपनगरात छोटं दुकान आहे, २२ वर्षं झाली. पूर्वी मे महिना म्हणजे आमची दिवाळी असायची. कापडाचे तागे छतापर्यंत, काजे-बटणाला दोन बायका जादा लावायच्या. आता मे महिन्यात मी ब्लाउज शिवते. गणवेशाचं एकही नवीन काम नाही. येतं ते फक्त रेडिमेड आणलेलं लहान-मोठं करायला.

आणि तिथेच खरी गोम आहे. आम्ही शिवायचो तेव्हा पँटला खाली तीन बोटं कापड आत दुमडून ठेवायचो, कमरेला मागच्या शिवणीत दीड-दोन इंच सोडायचो, बाहीला आत एक चूण. पोर वाढलं की उसवा आणि सोडा, पाच मिनिटांचं काम. दोन वर्षं आरामात निघायची. हल्लीच्या रेडिमेडमध्ये आत कापडच नसतं. ओव्हरलॉकच्या अगदी कडेला शिवण. उसवून देणार काय, हवा? आई म्हणते, "ताई, दोन इंच वाढवा ना," आणि मला खालून दुसऱ्या कापडाची पट्टी जोडावी लागते. ती दिसते. आठवीतली पोर तशी पँट घालत नाही.

म्हणून दोन_पोरांची_आई, घ्यायच्या आधी आतली बाजू उलटून बघा. कापड सोडलेलं नसेल तर तो गणवेश एकाच वर्षाचा आहे असं समजा आणि त्याप्रमाणे एक साइझ मोठा घ्या.

पोळीभाजी_केंद्र

ताई बरोबर बोलताय. माझा मुलगा शिक्षण हक्काच्या २५ टक्के राखीव जागांतून मोठ्या शाळेत लागलाय. सोडतीत नंबर लागला तेव्हा पेढे वाटले होते. मग शाळेत गेले तर खिडकीवरची मॅडम म्हणाली, फी माफ आहे, बाकी नाही. बाकी म्हणजे गणवेश, पुस्तकं, वह्या, बूट. मी तेव्हा चार घरची पोळ्यांची कामं करायची. एकाच बाईंकडून दोन महिन्यांची उचल घेतली.

एकच जोड घेतला रोजचा. आता तुम्हीच सांगा, जुलै महिन्यात एक जोड कसा पुरणार? शाळेतून आला की अंगातून काढून लगेच धुवायचा, पंख्याखाली खुर्चीवर टाकायचा. मोजे फ्रिजच्या मागच्या जाळीवर, तिथे ऊब असते. सकाळी शर्टाचा कॉलर आणि पँटच्या शिवणी ओल्याच. मग इस्त्री फिरवत राहायची, वाफ निघेपर्यंत. तरी पोरगा म्हणायचा, आई, वास येतो. त्या वर्षी त्याचे खाडे मी मोजले नाहीत, पण निम्मे तरी आजाराचे नव्हते, ओल्या कपड्यांचे होते.

हिशेबनीस

पोळीभाजी_केंद्र, तुमच्याकडून जे घेतलं गेलं ते चूक होतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याखाली केंद्राने २०१० साली जे नियम केले, त्यात २५ टक्क्यांतल्या मुलांनाही पाठ्यपुस्तकं, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत, असं स्पष्ट म्हटलंय. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते.

पोळीभाजी_केंद्र

दादा, तक्रार करायला एक दिवसाचा खाडा आणि मग पोराला त्याच शाळेत रोज पाठवायचं. नियम माहीत नव्हता हे खरं. पण माहीत असता तरी केली असती असं वाटत नाही.

कारकून_कारभारी

मी खासगी शाळेच्या कार्यालयात आहे, त्यामुळे दोन शिव्या खायच्या तयारीने लिहितो.

पोळीभाजीताई, तुमच्या बाबतीत जे झालं त्याचं समर्थन करत नाही. पण दुसरी बाजू अशी की २५ टक्क्यांतल्या मुलांसाठी शासनाने शाळेला द्यायचा वर्षाला १७,६७० रुपये दर ठरवला, करोनाच्या वर्षी तो ८ हजारांवर आणला, आणि जे ठरतं तेही थकतं. छोट्या संस्था खरंच मेटाकुटीला येतात. मग कार्यालयातून 'फक्त फी माफ' असं उत्तर जातं.

दुकानाचं म्हणाल तर सगळीकडे कमिशन असतंच असं नाही. आमच्याकडे आठ वर्षांपूर्वी 'कुठूनही घ्या, रंग निळा' असं सांगितलं होतं. पहिल्या प्रार्थनेला मैदानावर निळ्याच्या अकरा छटा. संस्थाचालकांनी गच्चीवरून पाहिलं आणि दुसऱ्याच आठवड्यात एक दुकान ठरलं.

कडीपत्ता

अकरा छटा असल्या तर काय बिघडलं? गणिताचं उत्तर बदलतं का? गच्चीवरून बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना गार वाटावं म्हणून शेकडो घरांनी दुप्पट पैसे द्यायचे?

कारकून_कारभारी

तुमचं म्हणणं बरोबर आहे. मी गच्चीवर नव्हतो, मी खाली छटा मोजत होतो.

टवाळ_टोणगा

कारकूनसाहेब, धाग्याचा सामनावीर तुम्हीच.

गुरुजी_झेडपी

खासगी शाळांवर बरंच झालं, आता सरकारी बाजू. मी मराठवाड्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे, पहिली ते सातवी, पट ६४.

आमच्याकडे समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून दोन जोडांसाठी मिळून मुलामागे ६०० रुपये. म्हणजे एक गणवेश तीनशेत, शिलाईसकट. आधी सगळ्या मुली आणि अनुसूचित जाती-जमातींची व दारिद्र्यरेषेखालची मुलं एवढ्यांनाच मिळायचे. त्यामुळे एकाच बाकावर एकाला नवा, दुसऱ्याला नाही. ज्याला मिळाला नाही तो घरी जाऊन विचारायचा, "आपण कोण आहोत म्हणून मला नाही?" याचं उत्तर द्यायला आई-बाप शाळेत यायचे, आणि आमच्याकडेही उत्तर नसायचं. २०२३ पासून राज्याने उरलेल्या मुलांचाही खर्च उचलला, बूट-मोजेही सुरू केले. ते चांगलं झालं, मान्यच केलं पाहिजे.

मग आलं 'एक राज्य एक गणवेश'. २०२४-२५ ला ठरलं की राज्यभर एकच: आकाशी शर्ट, गडद निळी पँट. कापड वरून, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडून. दुसरा जोड स्काउट-गाइडचा, त्याचं नुसतं कापड आमच्याकडे आणि शिवून घ्यायला वरखर्चासह ११० रुपये. शिलाईमशीन ताई, तुम्हीच सांगा, दोन खिसे आणि खांद्यावर पट्ट्या असलेला शर्ट आणि पँट ११० मध्ये कोण शिवतं?

पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन आमच्या मुलांनी जुन्याच कपड्यांत केलं. गठ्ठा आला तो त्यानंतर. मापं मुलांची नव्हती, इयत्तेची होती. चौथीचा एक धिप्पाड मुलगा आहे, शेतात राबतो. त्याचं बटण पहिल्या दिवशी तुटलं ते थेट फळ्यावर येऊन आपटलं. आणि पहिलीतल्या एका चिमुरडीचा फ्रॉक एवढा मोठा की ती त्यात पाय आत घेऊन बसायची, तंबूसारखी. आमच्या बाईंनी घरचं शिलाई मशीन शाळेत आणलं आणि दोन शनिवार नुसती मापं कमी केली.

डिसेंबर २०२४ मध्ये शासनानेच निर्णय फिरवला आणि अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले. आता आम्ही गावातच शिवून घेतो. तीनशेत बसत नाही, समिती आणि आम्ही शिक्षक मिळून थोडे घालतो. पण माप मुलाचं असतं.

शिलाईमशीन

गुरुजी, ११० मध्ये नुसता शर्ट कापून देईन, शिवायला पुढच्या वर्षी या. 😀 खांद्याच्या पट्ट्या आणि झाकणाचे दोन खिसे म्हणजे साध्या शर्टापेक्षा दीडपट वेळ. पण बचत गटाच्या बायकांना दोष देऊ नका. त्यांच्या हातात कापड उशिरा आलं, मापं कागदावरची. पोराला समोर उभं केल्याशिवाय कपडा बसत नाही, हे मंत्रालयात कुणी शिंपी असता तर सांगितलं असतं.

सोलापुरी_चादर

नाव चादरीचं असलं तरी मी गणवेशाच्या कारखान्यात आहे. 😀 सोलापुरात चादरी-टॉवेलनंतर हाच धंदा वाढलाय. गणवेश देशभर जातात, बाहेरच्या देशांतही जातात.

धंद्याची आतली बाजू सांगतो. पँट आणि पिनोचं (मुलींच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकचं) कापड बरंचसं राजस्थानातल्या भिलवाड्याहून येतं. आमचं काम डिसेंबरला सुरू होतं, एप्रिल-मेमध्ये मरणाची घाई, ऑगस्टनंतर निम्मे कारागीर घरी. म्हणजे आठ-नऊ महिन्यांत वर्षाचं कमवायचं. शाळेने मार्चमध्ये डिझाइन बदललं की दुकानदाराकडचा जुना साठा भंगार. तो तोटा तो कशातून काढणार? नव्याच्या किमतीतून. म्हणून बदलाचा खर्च तुम्ही दोनदा देता, एकदा तुमच्या कपाटातल्या जुन्याचा आणि एकदा त्याच्या गोदामातल्या जुन्याचा.

आमच्याकडून ज्या भावात माल निघतो, त्याच्या दुप्पट-अडीचपट किमतीचं लेबल मी शहरातल्या दुकानात पाहिलंय. सगळं दुकानदार खातो असं नाही. पण साधा पांढरा शर्ट, ज्याच्यावर काहीच छापलेलं नाही, त्यात कुणी एवढं कमवू शकत नाही. कारण तो शेजारच्या दुकानातही मिळतो. सगळा फरक खिशावरच्या त्या दोन इंची बिल्ल्याचा.

मुक्काम_इंग्लंड

इथल्या शाळांतही हीच रड. २०२१ साली त्यासाठी कायदा करावा लागला: गणवेश परवडणारा ठेवा, शाळेचं चिन्ह असलेल्या वस्तू कमीत कमी ठेवा, आणि वापरलेले गणवेश पालकांना कुठे मिळतील ते सांगा. माझ्या मुलीच्या शाळेत सत्राच्या शेवटी हॉलमध्ये टेबलं मांडतात, धुतलेले जुने गणवेश साइझप्रमाणे. डॉक्टरही घेतात आणि बसचालकही घेतात. ब्लेझर मी दोनदा तिथूनच उचलला. पहिल्या वेळी मलाच संकोच वाटला, भारतातली खोड. मुलीने विचारलं, "त्यात काय?"

कडीपत्ता

ब्लेझरवरून आठवलं. अवांतर आहे, पण राहवत नाही. माझा भाचा कोकणात शाळेत जातो, समुद्रापासून चार किलोमीटर. टाय आणि ब्लेझर! मे महिन्यात स्नेहमेळावा होता, पोरं उकडलेल्या अळवासारखी दिसत होती. ब्लेझर वर्षातून तीनदा घालायचा, किंमत सगळ्यात जास्त, आणि पुढच्या वर्षी बाही कोपरापर्यंत.

टवाळ_टोणगा

टाय हा कोकणात घाम पुसायला उपयोगी पडतो. उगाच नावं ठेवू नका.

निवृत्त_नाना

रच्याकने (म्हणजे जाता जाता), मग गणवेश हवाच कशाला असं कुणी म्हणेल म्हणून आधीच सांगतो, हवा. चष्मावाली चड्डी का असेना, सावकाराच्या पोराची आणि माझी चड्डी एकाच रंगाची होती. मुलाच्या अंगावर बापाची मिळकत दिसू नये, गणवेशाचं एवढंच काम.

कडीपत्ता

नाना, तत्त्व मान्य, पण आता मिळकत गणवेशातच दिसते. कोणाचा शर्ट धुऊन पिवळा पडलाय, कोणाकडे शनिवारचा वेगळा जोड आहे, कोणाचे बूट शिवून आणलेत. मुलं पहिल्या आठवड्यात ओळखतात. उलट कपडे साधे आणि कुठेही मिळणारे असते तर एवढं कळलं नसतं.

पोळीभाजी_केंद्र

मला नानांचं पटतं. शाळेत 'रंगीत कपड्यांचा दिवस' असतो, माझ्या पोराच्या पोटात त्याच दिवशी दुखतं. वर्षभर गणवेशाचे पैसे जड जातात, पण निदान तो एकदा घेतला की रोज सकाळी 'काय घालू' हा प्रश्न नाही. गणवेश ठेवा. फक्त साधा ठेवा आणि दोन जोड घेता येतील असा ठेवा.

गुरुजी_झेडपी

पोळीभाजीताईंना +१. वाढदिवसाला रंगीत ड्रेस घालून यायची आमच्या शाळेत पद्धत होती, ती याच कारणाने बंद केली. एक मुलगी तीन वर्षं वाढदिवसाला गैरहजर होती. हजेरीपट चाळताना लक्षात आलं.

हिशेबनीस

सभेत काय मागायचं ते नेमकं ठरवून जा, नाहीतर भावना व्यक्त होतात आणि चहा होतो. 'खर्च फार आहे' यावर शाळा सहानुभूती दाखवेल आणि विषय संपेल. त्यापेक्षा मागा: जुना गणवेश निदान एक-दोन वर्षं चालू द्या. बिल्ला सुटा विका, शर्ट कुठूनही घेऊ द्या. मोजे साधे करा. आणि मागणी लेखी द्या, खाली दहा-बारा सह्या असू द्या. एकट्या बाईने उभं राहून बोललं की 'त्या बाईंचा प्रॉब्लेम' होतो.

रच्याकने, पक्की पावती मागा. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्याच्या नगाला ५ टक्के जीएसटी आहे. कुणी कराच्या नावाने जास्तीचं सांगत असेल तर बिलावर लिहून द्या म्हणा.

दोन_पोरांची_आई

सगळ्यांचे आभार. सभा झाली, वृत्तांत देते.

व्हॉट्सअ‍ॅप गटावर आधी विचारलं तर १४० पैकी सात जणांनी अंगठा दाखवला. बाकी शांत. पण सभेच्या दिवशी फाटकापाशी कागद घेऊन उभी राहिले तर वीस मिनिटांत ३१ सह्या झाल्या. गाडीतून उतरणाऱ्या दोन बायकांनीसुद्धा केल्या. एक म्हणाली, "मीही मागच्या वर्षीच तीन जोड घेतलेत हो." मला उगाच वाटत होतं की हा फक्त आमच्यासारख्यांचा प्रश्न आहे.

मुख्याध्यापिकांनी पहिले दहा मिनिटं 'संस्थेची ओळख' यावर सांगितलं. मग एका आजोबांनी उठून विचारलं, "बाई, नातीची ओळख तुम्हाला मोज्यांवरून पटते का?" सभा हसली आणि तिथून वारं फिरलं. नाना, ते तुम्ही नव्हतात ना?

मिळालं ते असं: जुना गणवेश या वर्षी चालेल, पुढच्या वर्षापासून नवा. बिल्ला कार्यालयात सुटा मिळेल, ४० रुपये. शर्ट बाहेरून घेतला तर चालेल, पण पँट आणि पिनोचं कापड त्याच दुकानातलं. मोज्यांचा निर्णय 'व्यवस्थापनापुढे ठेवू'. हाऊसच्या टी-शर्टावर माघार नाही. म्हणजे निम्मंच काम झालं, पण आत्ताचे सहा-साडेसहा हजार तरी वाचले. कार्यकारी समितीवर कोण आहे ते विचारलं, तर यादी शोधून देतो म्हणाले. अजून शोधताहेत.

वापरलेल्या गणवेशांचं टेबल मांडूया म्हटलं, त्यावर मात्र खुसखुस झाली. एक बाई म्हणाल्या, "आमच्याकडे ते मोलकरणीला देतात." मी गप्प बसले. घरी येऊन मुलीच्या मैत्रिणीच्या आईला निरोप केला, तिची मुलगी आठवीत गेलीय. संध्याकाळी ती दोन जोड पिशवीत घालून आली, इस्त्री केलेले. मीही मुलाचे लहान झालेले तिच्या भाच्यासाठी दिले. टेबल नाही, पण पिशवी फिरायला लागली.

मुक्काम_इंग्लंड

मस्त! इथेही टेबलं मांडायच्या आधी पिशव्याच फिरायच्या.

सोलापुरी_चादर

पुढच्या वर्षी नवा गणवेश घ्याल तेव्हा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घ्या. जूनमध्ये उरलेसुरले साइझ असतात आणि दुकानदार घासाघीस करत नाही.

शिलाईमशीन

छान झालं. आता बाहेरून शर्ट घेऊन बिल्ला लावणार असाल तर एक सांगते. आधी खिसा तीन बाजूंनी उसवा, मग बिल्ला शिवा, मग खिसा परत जोडा. थेट वरून मशीन मारली तर खिसाच बंद होतो.

दोन_पोरांची_आई

ताई, हे काल सांगायचं ना. दोन शर्टांचे खिसे शिवले गेलेत. मुलगा रुमाल कुठे ठेवू विचारतोय.